पितळी बटणाची नानकटाई

नानकटाई समोर आली की मी आधी तिचं तोंड पाहते. लोक वास घेतात, कुणी चहात बुडवतात, माझी मुलगी तर न बघताच तोंडात टाकते. मी मात्र बशी डोळ्यांजवळ नेऊन, भुवया वर चढवून, दागिना पारखणाऱ्या सोनारासारखी बघत बसते. दुकानात शेकड्यानं भाजलेली, गुळगुळीत, कोऱ्या चेहऱ्याची नानकटाई मला बेवारशी वाटते. आमच्या लहानपणी बेवारशी नानकटाई नव्हतीच. प्रत्येकीला घर होतं आणि त्या घराची खूण तिच्या कपाळावर छापलेली होती. ह्या छापण्यापायी आठवीत असताना मी जो उद्योग केला, तो आज सांगून टाकते. ज्यांच्यापुढे सांगायला संकोच वाटावा, त्यांतलं आता कुणी उरलं नाही. आणि घोडी तर केव्हाच गेली.

आम्ही धरमपेठेच्या पाठीमागे, नाल्याला लागून असलेल्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि समोरच्या भिंतीवर खुंटीला बाबांचा लाल कोट. बाबा कापडगिरणीत कामाला होते. पण ती त्यांची पोटापाण्याची नोकरी. जीव त्यांचा बँडमध्ये होता. लग्नसराई लागली की तो लाल कोट चढवून ते क्लॅरिनेट वाजवायला जात. दुपारपाळी नसली की घरी रियाज चाले, आणि आमच्या घरात रियाज म्हणजे चुलीवरच्या कुकरच्या शिट्टीपासून ते शेजारच्या बकरीपर्यंत सगळ्यांना सूर जुळवून घ्यावा लागे. त्या कोटाला पुढे पितळी बटणांची रांग होती, प्रत्येक बटणावर आठ पाकळ्यांचं फूल. पोटाजवळचं एक बटण मात्र नव्हतं. तिथे नुसता दोरा लोंबत असे. वरातीत नवरदेवाकडचे लोक बाबांना त्यावरून चिडवत, "काहून गा, बटन विकून खाल्लं का?" बाबा क्लॅरिनेट तोंडातून न काढताच मान डोलावत. बटण विकलेलं नव्हतं. ते आईच्या मसाल्याच्या डब्यात, लवंगांच्या वाटीत राहत होतं. ते आमच्या नानकटाईचं बटण होतं.

त्या काळी घरात ओव्हन कुणाकडे? आज माझ्या ओट्यावर काचेच्या दाराचा आहे, आत दिवा लागतो, नाटकातल्यासारखा प्रकाश पडतो. पण त्या दिव्याखाली केलेल्या नानकटाईला हमीदचाचांच्या भट्टीचा वास काही येत नाही. भट्टी बाजाराच्या टोकाला होती. सकाळचे पाव निघाले की भट्टी तापलेलीच असे, आणि मग आसपासच्या घरांचा माल लागे. आपलं पीठ आपण मळून न्यायचं, गोळे करून काळ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे, आणि बाहेरच्या फरशीवर बसून एकेका गोळ्यावर आपल्या घरची खूण मारायची. कुणी अंगठीनं, कुणी शिवणाच्या टोपणानं, कुणी कपाटाच्या किल्लीनं. एकदा म्हणे दोन घरांचे ट्रे बदलले आणि दोन्ही घरच्या बाया भट्टीसमोर एकमेकींच्या तुपाची जात काढत दुपारपर्यंत भांडल्या. तेव्हापासून हमीदचाचांचा नियम होता. ट्रे आत सरकवण्याआधी ते लांब दांड्याचं फावडं आडवं धरून विचारत, "ए पोट्टी, निशान कहां है? बिना निशान का माल अंदर नहीं जाएगा." त्यामुळे बाजारापासून बंगल्यांपर्यंत बहुतेक बायकांना एकमेकींच्या खुणा पाठ होत्या.

आईची नानकटाई कशी होती ते लिहिताना मला हात आखडता घेणं जमत नाही. ती परातीत तूप घेऊन बसे आणि तळव्यानं फेटायला लागे. फट्-फट्, फट्-फट्. तूप पांढरं होईपर्यंत, मग हलकं होईपर्यंत. बाबा म्हणत, "तुही माय तालात फेटते वं. मी तिच्या मागं वाजवून राहिलो." आणि खरोखरच तूप आणि क्लॅरिनेट असा जोड कार्यक्रम आमच्याकडे तासभर चाले. मग आई चिमूटभर तूप पाण्याच्या वाटीत टाके. बुडलं तर "अजून." तरंगलं तर "झालं." मग साखर, मैदा, मूठभर बेसन, वेलची. शेवटी चारोळी. ती मामा पारशिवनीहून फडक्यात बांधून आणायचा. सगळं जग चारोळी वर लावतं. आई ती गोळ्याच्या पोटात, अगदी मधोमध दडवायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "वर लावली तं पाहनाऱ्याले दिसते. आत असली तं खानाऱ्याले भेटते."

आमच्या शाळेत थंडीत आनंदमेळा भरे. मुलींनी घरून खायचं करून आणायचं, पालकांनी कुपनं घेऊन ते खायचं, आणि जमलेल्या पैशांतून शाळेला काहीतरी व्हायचं. आमच्या वेळी पाण्याची टाकी व्हायची होती. नळाची, चार तोट्यांची. मी सातवीत असताना पहिल्यांदा आईनं मेळ्यासाठी परात भरून दिली. बटणाच्या फुलाच्या नानकटाया, वर पांढरंशुभ्र फडकं. मी ती डोक्यावर घेऊन अशी निघाले, की जणू राणीचा मुकुटच चालला आहे.

मेळ्यात नानकटाईचं एकच लांब टेबल होतं, आणि तिथे सुलभाची आई विकायला उभी होती. सुलभा माझ्या बाकावरची. तिच्या घरच्या नानकटाईवर करंजीच्या कातणाची नागमोडी फुली असे, आणि ती फुली सगळ्या धरमपेठेत नावाजलेली. काकू गोड बाई होत्या. त्यांनी माझ्या परातीकडे कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "अगंबाई, हे फूल कुणाकडचं? नवीन दिसतंय." आता मला कुणी प्रश्न विचारावा आणि मी एका शब्दात उत्तर द्यावं, हे तेव्हाही होत नव्हतं. मी घसा साफ केला. बटण, लाल कोट, बँड, क्लॅरिनेट, सगळं साभिनय सांगितलं, आणि शेवटी टाळीच्या अपेक्षेनं आमच्या वस्तीचं नाव सांगितलं.

कुणी वाईट बोललं नाही. खरंच, एक शब्दही नाही. काकू म्हणाल्या, "हो का? छान." वर्गाच्या बाईंनी परात थोडी टेबलाच्या टोकाला सरकवली, ऊन लागतंय म्हणून. मग दुसऱ्या टोकाला, वारा लागतोय म्हणून. येणाऱ्या बायकांचा हात पुढे येई, फूल दिसलं की हवेतच वळण घेई आणि शेजारच्या फुलीवर उतरे. संध्याकाळी मी परात उचलली, तेव्हा ती सकाळइतकीच जड होती.

वस्तीच्या तोंडाशी वरातीची घोडी बांधलेली असे. बिजली तिचं नाव. बाबांच्या बँडबरोबर तीही लग्नं करायची. मी तिच्याजवळ बसले. पाच नानकटाया मी खाल्ल्या, बाकीची परात तिनं. डोळे मिटून, कान हलवत, एकेक बटण मन लावून. मग मी डोळे पुसले, रिकामी परात डोक्यावर पालथी घातली आणि नाचत घरात शिरले. "आई, संपल्या! सगळ्या संपल्या! लोक मागून राहिले होते!"

खोटं बोलताना माणसानं पुढच्या वर्षाचा विचार करावा. मला तेव्हा तेवढी अक्कल नव्हती.

पुढच्या वर्षी मेळ्याचं कळलं आणि आईनं दुप्पट तूप आणलं. "मागच्या साली लोकाइले पुरल्या नाही म्हन्ते ना," ती बाबांना सांगत होती, "ह्या साली दोन पराती करतो. आन मी पन येतो पाहाले." एवढं बोलून तिनं पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेली पांढरी साडी बाहेर काढली. दीक्षेच्या दिवशी नेसलेली. ती साडी वर्षातून एखाद्या वेळीच ऊन पाहत असे. आई ती अंगणात दोरीवर टाकून हातानं सुरकुत्या काढत होती, बाबा दुप्पट जोरात वाजवत होते, आणि मी ओसरीवर बसून दोन पराती, एक साडी आणि टेबलाचं ते टोक डोळ्यांपुढे आणत होते. आईसमोर परात तशीच पडून राहणार होती. आई त्या पांढऱ्या साडीत टेबलाच्या टोकाशी उभी राहून बघणार होती. पुढे मी नाटकांत कामं केली, पण कुठल्याही रंगमंचावर जाताना एवढी घाबरले नाही.

मेळ्याच्या सकाळी आईनं गोळे करून दिले आणि बटण माझ्या मुठीत ठेवलं. भट्टीवर सुलभा आधीच ट्रे मांडून बसली होती. तिला मेळ्यातल्या गाण्याच्या तालमीला पळायचं होतं. मला पाहताच तिनं कातण माझ्या हातात दिलं. "माझ्या गोळ्यांवर तेवढ्या फुल्या मार ना गं. भाजून झाल्या की तुझ्याबरोबरच शाळेत आण. मी जाते!" आणि ती गेलीसुद्धा.

आता पडदा वर गेला समजा. फरशीवर चार ट्रे. दोन तिचे, दोन आमचे. माझ्या एका हातात बटण, दुसऱ्या हातात कातण. तिच्या दोन ट्रेंवर मी फुल्या मारल्या. हात थांबला नाही. आमच्या पहिल्या गोळ्यावर फुली पडली तेव्हा मला वाटलं, आता हमीदचाचा ओरडतील, भट्टी विझेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. चाचांनी फावडं आडवं धरून चारही ट्रे बघितले आणि म्हणाले, "आज बटन नहीं?"

"बटन बाबांच्या कोटाला शिवलं, चाचा."

"अच्छा किया," चाचा म्हणाले, आणि चारही ट्रे आत गेले.

शाळेत बाईंनी सगळ्या फुल्या एकत्र रचल्या आणि विचारलं, "ह्या सगळ्या सुलभाकडच्या?" मी मान हलवली. मानेनं खोटं बोलणं तोंडापेक्षा सोपं असतं.

आणि मग मी जे पाहिलं, ते पाहायला माझ्या आईचे डोळे हवे होते, माझे नव्हे. ढिगात हात जात होते. बायका एक खाऊन दुसरी उचलत होत्या. "अहो, यंदा काय घातलंय ह्यात?" असं काकूंना विचारत होत्या, आणि काकू आपल्याच नानकटाईचा घास तोंडात धरून, डोळे बारीक करून, "मलाच कळत नाहीये," म्हणत होत्या. ज्या बायकांचे हात गेल्या वर्षी हवेत वळले होते, त्यांच्या ओठांना आमचं तूप लागलं होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी टेबलामागे उभ्या उभ्या पायांनी ताल धरला होता.

तेवढ्यात आई आली. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात एक कुपन. तिनं टेबलावर इकडून तिकडे नजर फिरवली.

"आपल्या पराती कुठं आहे वं?"

"संपल्या, आई! केव्हाच्या!"

"दोन्ही?" तिचा चेहरा असा उजळला, की सगळं तिथेच थांबलं असतं तर माझं सगळं पाप धुऊन निघालं असतं. पण आई शिष्टाचाराची पक्की. तिला वाटलं, आपला माल खपला, आता दुसरीच्या हातचं खाल्लं पाहिजे. तिनं कुपन काकूंपुढे केलं. काकूंनी हसून फुलीची एक नानकटाई तिच्या हातावर ठेवली. आईनं अर्धी मोडली.

मधोमध चारोळी होती.

आईनं चारोळीकडे पाहिलं. मग फुलीकडे. मग माझ्याकडे पाहिलं, पण जेमतेम. तिनं ती अर्धी नानकटाई तोंडात टाकली आणि सावकाश खाल्ली. काकू कौतुकानं विचारत होत्या, "कशी झालीय हो? सांगा ना. आज सगळे वाहवा करताहेत."

"चांगली झाली," आई म्हणाली. "तूप अजून थोडं फेटाले पाह्यजे होतं."

काकू जरा गोऱ्यामोऱ्या झाल्या. "इतरांना तर काही जाणवलं नाही."

"त्याइले नाही जानवत. करनारीले मालूम असते."

उरलेली अर्धी तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि ती निघाली. मी मागोमाग. बिजलीजवळून जाताना घोडीनं माझ्याकडे बघून मान वर केली, ओळखीच्या माणसाकडे करतात तशी. आई थांबली. तिनं घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मागच्या साली कोनं खाल्ल्या?"

मी सगळं सांगितलं. टेबलाचं टोक, ऊन, वारा, वळणारे हात. आई ऐकून घेत होती आणि तिचा हात घोडीच्या मानेवरून फिरत होता. माझं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "घोडीले तं बटन चाललं."

घरी आल्यावर तिनं माझ्याकडून बटण मागून घेतलं. सुईत दोरा ओवला आणि लाल कोट मांडीवर घेऊन बसली. बाबा क्लॅरिनेट पुसत होते, थांबले. "हे काय करून राहिली वं?"

"कोटाचं होतं, कोटाले देऊन राहिली."

ती मला रागावली असती तर मी रडून, लोळून, उपास करून तो अंक जिंकला असता. ती मात्र दोऱ्याला गाठ मारून मोकळी झाली. त्या लग्नसराईत बाबांचा कोट पहिल्यांदा गळ्यापासून पोटापर्यंत बंद झाला, आणि लोक म्हणाले, आता कसे शोभता! मी मात्र वरात आली की घरात जाई. आणि लवंगांच्या वाटीत नुसत्या लवंगा.

वर्ष गेलं. नववीत मेळ्याची सूचना निघाली. टाकी अजून व्हायचीच होती. आई म्हणाली, "शाळेत चिवडा ने." मेळ्याच्या आदल्या दुपारी आई नळावर गेली असताना मी खुंटीवरचा कोट काढला, ब्लेडनं पोटाजवळचं बटण कापलं, आणि परातीत तूप घेऊन बसले. फट्-फट् सुरू केलं. माझ्या फेटण्याला ताल कसला? आतून बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि क्लॅरिनेट उचललं. बिचारे कधी माझ्या पुढे, कधी मागे वाजवत होते. आई घागर घेऊन दारात आली, उभी राहिली. मग घागर ठेवली, माझ्यासमोर बसली आणि चिमूटभर तूप उचलून पाण्यात टाकलं. बुडलं.

"अजून."

माझा दंड भरून आला. पुन्हा टाकलं. पुन्हा बुडलं. "अजून." चौथ्या वेळी ते वाटीत पांढरं फूल होऊन तरंगलं. आई उठली आणि पारशिवनीच्या चारोळीचं फडकं घेऊन आली.

बाबांनी रियाज संपवून कोट पाहिला. "अरे, माह्या कोटाचं बटन कुठं गेलं?"

मी मान खाली घातली. आई गोळ्यात चारोळी दडवत होती. मान वर न करता म्हणाली, "कामावर गेलं."

दुसऱ्या दिवशी हमीदचाचांनी ट्रेवर फावडं आडवं धरलं, फुलं बघितली, आणि काहीच न विचारता ट्रे आत सरकवला. शाळेत मी परात टेबलाच्या मधोमध ठेवली आणि बाईंनी ती सरकवण्याआधीच आवाज लावला. लाजलज्जा मला कधी फारशी नव्हतीच. "ह्या आमच्या घरच्या! बटणाच्या! गेल्या वर्षी तुम्ही खाल्लेल्या होत्या त्या ह्याच! चारोळी वर नाही, आत आहे! आत!"

टेबलामागे काकू होत्या. त्यांनी एक उचलली, मोडली, चारोळी पाहिली, आणि घास घेतला. मग किती तरी वेळ त्या नुसत्या चावत होत्या.

"फुली मीच मारली होती, काकू," मी म्हटलं. आता आवाज माझा नव्हता, उंदराचा होता.

"मी वर्षभर तशी करून बघतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तूप बदललं, मैदा बदलला." त्यांचा चेहरा लाल झाला होता. रागानं की कशानं, मला आजही सांगता यायचं नाही. पण हातातली त्यांनी संपवली, तिथेच, सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या. मग दुसरी घेतली. त्यांच्या मागून काही हात पुढे आले. काही पुन्हा हवेत वळले. माझी मुलगी म्हणते, आई, इथे सगळी परात संपली असं सांग ना, गोष्ट रंगेल. मी म्हणते, गोष्ट मी कितीही रंगवेन, पण परात मी खोटी सांगायची नाही. एकदा सांगून झालं आहे.

तळाशी काही उरल्या होत्या. मी त्या उघड्या परातीत, फडक्यानं न झाकता, घरी आणल्या. संध्याकाळी वरात होती. बाबा पोटापाशी फट पडलेला लाल कोट घालून वस्तीच्या तोंडाशी सूर जुळवत होते, आणि बिजलीवर जरीची झूल चढत होती. आईनं परात पाहिली. मग त्यातल्या नानकटाया ओंजळीत घेऊन घोडीजवळ गेली आणि हात पुढे केला. बिजलीनं डोळे मिटून, कान हलवत, दोनचार घासांत ओंजळ रिकामी केली आणि आणखी हवं म्हणून आईच्या पदरात तोंड घातलं.

आईनं तिच्या कपाळावर थोपटलं. "ह्या साली तुले कमीच भेटल्या वं, बाई."